तीन दारांचा मजला

धाकट्या मुलाच्या घरून शिरा आला, की खैरनार सर तो लगेच खात नाहीत. थोरल्याच्या घरून काही येईपर्यंत झाकून ठेवतात. मग दोन्ही वाट्या समोर घेऊन एक घास इकडचा, एक तिकडचा. एकदा थोरल्याकडून तीन दिवस काहीच आलं नाही आणि शिऱ्याला बुरशी धरली. "तटस्थतेला खर्च येतो," सर म्हणाले.

इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन्ही मुलांची दारं समोरासमोर आहेत, मध्ये सरांचं. दोघांच्या नावावर असलेली नामपूरची जमीन थोरल्याला विकायची आहे, धाकट्याला नाही. दोन वर्षं भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आपला फ्लॅट तटस्थ राष्ट्र म्हणून जाहीर केला आहे. दाराला दिवसरात्र कडी नसते. औषधं, पत्रं, भाजी त्यांच्यामार्फत पलीकडे जाते. टोमणे जात नाहीत. "भावोजींना म्हणावं..." असं एखाद्या सुनेनं सुरू केलं, की सर हात वर करतात. "शस्त्रं सीमेवरच ठेव, बाई."

मी वर्तमानपत्रात काम करतो. रोज सकाळी त्यांना पेपर द्यायला जातो आणि बोलणी खातो.

"अहो पत्रकार, बातमीत या देशाला तटस्थ म्हणता? लढणाऱ्या दोघांनाही तोफा विकतोय तो. दुकानदार म्हणा!"

"आणि शेजारचा? तो तर गप्पच आहे."

"तो घाबरलाय. तटस्थ देश दोघांचे जखमी घरात घेतो आणि दोघांच्या शिव्या खातो. जिंकणाऱ्याच्या पंक्तीला त्याला कोणी बोलावत नाही."

"मग उपयोग काय?"

"लढाई संपल्यावर दोघांना बसायला एक खोली लागते ना."

गेल्या रविवारी गेलो, तर सर अंथरुणात होते. अंग तापलेलं, फोन छातीवर.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून. आधी कोणाला फोन करायचा, ते ठरेना."

मी बाहेर आलो. मजला अरुंद आहे. दोन्ही हात पसरले आणि दोन्ही बेल एकदम दाबल्या.

थोड्याच वेळात थोरला पलंगाच्या एका बाजूला उभा होता, धाकटा दुसऱ्या बाजूला. थोरल्यानं सरांच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. "किती आहे?" धाकट्यानं विचारलं. "बराच आहे," थोरला म्हणाला.

सरांनी डोळे उघडले, पण पाहिलं माझ्याकडे.

"आधी कोणाचं दार उघडलं?"

धाकट्याचं, क्षणभर आधी.

"एकदमच उघडली, सर," मी सांगितलं.