भिंतीला लावलेला पेचकस

भानुदास मिस्त्री पेचकसाने ऐकतात. केजमध्ये बसस्थानकामागे त्यांचं जीप दुरुस्तीचं गॅरेज आहे. हातभर लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "बेरिंग गेलंय." गिऱ्हाईक कुरकुरतं, "मिस्त्री, उघडून तर बघा." मिस्त्री म्हणतात, "उघडल्यावर कुनालाबी दिसतंय बे."

त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. मी पेपरला बातम्या देतो. घरातही त्यांची हीच पद्धत, फक्त तिथे पेचकस लागत नसे. एकदा आम्ही दारात बोलत बसलो होतो. आत डब्याचं झाकण वाजलं. मिस्त्री उठून चप्पल घालू लागले.

"कुठं निघालात?"

"दळण आणाया."

"मावशी काही बोलल्याच नाहीत."

"बोलली की. तुमाला पेपरात छापलेलंच कळतंय."

मी त्यांच्या बायकोला, कौसामावशींना, खरं-खोटं विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला बोलू? झाकण पडलं की उठत्यात." तीस वर्षांच्या संसारात या घरातून चढा आवाज मी ऐकला नाही. उतरलेलाही क्वचितच.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मिस्त्री पेचकस घेऊन माझ्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली होती. सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती.

"पेपरवाले, तुमच्या भिंतीला जरा लावू का?"

"तुमच्या घराच्या भिंतीला लावा की."

"तिला दिसंल ना. आठ दिस झाले, बाई बोलत न्हाई."

"तुम्ही कधी बोलत होता?"

"तोंडानं न्हाई हो. भांड्यानं." ते माझ्या खुर्चीच्या कडेवर बसले, उठले, पुन्हा बसले. "रागावली तर दणका येतो. हात दुखत आसंल तर तांब्या घसरत येतो. आता कायच न्हाई. समदं गप. तिची बहीण आशीच गप गप झालती. दवाखान्यात नेस्तोवर उशीर झाला."

"मग सरळ विचारा ना, बरं आहे का म्हणून."

"कसं विचारू? कधी विचारलंच न्हाई. विचारलं तर तिला वाटंल, मलाच कायतरी झालंय."

हे चाललं असताना पलीकडे मावशी खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होत्या. आवाज स्पष्ट होता. भिंतीवरचं माझं कॅलेंडर खिळ्यावर हलत होतं. मिस्त्री माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या आवाजाची काही खूण नव्हती.

त्यांनी पेचकसाचं टोक भिंतीला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"कुटतीय!" ते ओरडले. "चटणी कुटतीय! हाताला जोर हाय. बरी हाय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांची नजर हलत्या कॅलेंडरवर गेली. तिथून माझ्यावर आली.

"तुमाला पेचकसाबिगर ऐकू येत हुतं?"

"हो."

"कवापासून?"

"तुम्ही आलात तेव्हापासून."

त्यांनी पेचकस मांडीवर घेतला. बराच वेळ त्याची मूठ अंगठ्याने पुसली.

"म्हंजी बिघाड गाडीत न्हाई," ते म्हणाले.

मी कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं. त्यांनी हात झटकला. "डॉक्टरचं बघू. पर तिला सांगू नका. कळलं तर ती वरडून बोलाया लागंल. तीस वर्सं वरडावं लागलं न्हाई तिला."

हे त्यांनी माझ्या कानाशी येऊन, त्यांच्या मते कुजबुजत सांगितलं. तो आवाज बसस्थानकापर्यंत गेला असावा. पलीकडचं कुटणं थांबलं.

त्यांना ते कळलं नाही. मला कळलं.

मग बत्ता पुन्हा खाली आला. असा, की कॅलेंडर खिळ्यावरून निसटून खाली पडलं. मिस्त्रींनी मान वर केली. पेचकस मांडीवरच होता. त्यांनी तळवा भिंतीवर ठेवला. आणखी दोन घाव आले. ते उठून चप्पल शोधू लागले.

"काय म्हणतात मावशी?"

"जेवाया या म्हनती. भाकरी निवाया लागल्यात."

पेचकस माझ्या खुर्चीवर राहिला. न्यायला अजून कोणी आलेलं नाही. कॅलेंडर मी समोरच्या भिंतीला लावलं आहे. या भिंतीवर आता खिळा टिकत नाही.