कौसल्या सिस्टर रंग विचारतात

आमच्या कुरुंद्यात माणूस भेटला की लोक विचारतात, जेवलात का. कौसल्या सिस्टर विचारतात, "लघवीला कवा गेलतात?" आणि त्याचं उत्तर मिळायच्या आत दुसरा प्रश्न येतो. "रंग?"

हे त्या दवाखान्यात विचारत नाहीत. दवाखान्याची नोकरी संपून त्यांना बरीच वर्षं झाली. त्या हे रस्त्यात विचारतात, किराणा दुकानात विचारतात. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाला त्यांनी हे विचारताना मी स्वतः पाहिलंय, आणि त्याच्या हातात तेव्हा बुंदीचं ताट होतं. एकदा ऐन एप्रिलात एक उमेदवार सभेसाठी आला, भाषणात मधेच अडखळला आणि टेबल धरून उभा राहिला. सिस्टर मंचावर चढल्या, त्याची नाडी धरली आणि आपला प्रश्न विचारला. माईक चालूच होता. उमेदवारानं उत्तरही दिलं. तो माणूस निवडणूक हरला, पण पंचक्रोशीत त्याचा रंग आजही लोकांना पाठ आहे.

रंग चार. पाण्यासारखा, फिक्क्या चहासारखा, हळदीच्या पाण्यासारखा आणि काकवीसारखा. पहिले दोन पास. हळदीला दोन तांबे पाणी, तेही त्यांच्यासमोर उभं राहून. काकवी असेल तर आधी शिव्या, मग मीठ-साखरेचं पाणी. माणूस लाजला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "लाज मागून. रंग अगोदर."

मला त्यांचा राग यायचा. मी चळवळीतली पोरगी. पत्रकं लिहिते, वाटते, चौकात उभी राहून अधिकाऱ्यांना जाब विचारते. कुणाच्या बापाला भीत नाही, असं मी स्वतःबद्दल सांगत असे. पण सिस्टर समोरून सायकलवर येताना दिसल्या की मी गल्ली बदलायची.

आणि नेमक्या त्याच माझ्या सोबत आल्या.

झालं असं की या उन्हाळ्यात आम्ही तिघी मैत्रिणींनी, मी, रेखा आणि मनीषानं, सायकल मोहीम ठरवली. कुरुंद्याहून वसमत, औंढा, हिंगोली आणि दुसऱ्या दिवशी सेनगाव. मागणी एकच: रस्त्यावरच्या प्रत्येक बसथांब्यावर बायांसाठी स्वच्छतागृह. बाईला तालुक्याला जायचं असलं की ती सकाळपासून पाणी पीत नाही. का पीत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. याला जबाबदार कोण? असा प्रश्न मी पत्रकात जाड अक्षरात विचारला होता.

सिस्टरांनी पत्रक वाचलं आणि "स्वच्छतागृह" खोडून "मुतारी" लिहिलं. मी म्हटलं, बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, "तुला बरं दिसाया पायजे का बायांना जागा पायजे?" पत्रक मुतारीचं छापलं गेलं.

मे महिन्यात पोरी सायकलवर एवढ्या लांब जाणार म्हटल्यावर तिन्ही घरांत रणकंदन झालं. रेखाच्या घरी तर तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. शेवटी कुणीतरी जबाबदार बाई सोबत असेल तर जा, असं ठरलं, आणि सिस्टर आपली काळी सायकल पुसून तयार झाल्या. माझ्या बाबांनी वर एक अट घातली. प्रत्येक थांब्यावर फोन करायचा. एकीला जरी काही झालं, तर टेम्पो पाठवून सगळ्यांना परत आणणार, आणि मग पुन्हा हे नाव काढायचं नाही. बाबा धमकी देत नव्हते, साधं सांगत होते. मला पक्कं ठाऊक होतं, आमची मोहीम अर्ध्यात परतली तर गावातली एकही पोरगी पुढची दहा वर्षं सायकल घेऊन वेशीबाहेर जाणार नाही.

पहाटे निघालो. सिस्टर सगळ्यांत मागं. कॅरिअरला जुना लशीचा डबा बांधलेला, त्यात मीठ-साखरेच्या पुड्या, पंचे, तापमापी आणि एक वही. दर तासाला त्या शिट्टी मारायच्या, आम्ही उतरायचो, आणि भर रस्त्यावर प्रश्नोत्तरं व्हायची. वेळ आणि रंग वहीत लिहिला जायचा. रेखा आणि मनीषा हसत हसत सांगायच्या, मी तोंडाला येईल ते पुटपुटायची. रेखानं तर "फिक्का चहा, साखर कमी" असंही सांगितलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

वसमतच्या पुढं मनीषाचं चाक पंक्चर झालं आणि तासभर तिथंच गेला. औंढ्याला पोचलो तोवर डांबर मऊ पडायला लागलं होतं. वारा अंगाला लागत होता तो तव्यावरून आल्यासारखा. सिस्टर म्हणाल्या, उन्हं कलेपर्यंत इथंच थांबायचं. मी म्हटलं, हिंगोलीत दोन वाजता बायांची बैठक आहे, त्या खेड्यापाड्यांतून आल्यात, त्यांना काय सांगू? बरीच हुज्जत झाली. शेवटी सिस्टर वही उघडून म्हणाल्या, "तिघींचे रंग ठीक असले तर निघू. एकीचा बी बिघडला तर चारपर्यंत हलायचं न्हाई."

रेखा आणि मनीषा एका ओळखीच्या घरी जाऊन आल्या. मी चहाच्या टपरीवर पत्रकं वाटत होते. समोर पंधरावीस पुरुष. त्यांच्यातून उठून, कुणाच्या तरी दारात जाऊन, बाई जरा आत येऊ का, असं म्हणायची मला लाज वाटली. आणि जायची गरजही नव्हती. मी पहाटेपासून पाणीच प्यायले नव्हते. बाटली तोंडाला लावायची, ओठ ओले करायचे आणि उरलेलं रुमालावर ओतायचं, असं मी सकाळभर करत होते. मुद्दाम ठरवून नव्हे. आईला, मावशीला, सगळ्या बायांना प्रवासात हेच करताना पाहत मोठी झाले होते. पत्रक लिहिणारा हात माझाच होता आणि पाणी न पिणारं तोंडही माझंच.

"रंग?" सिस्टरांनी विचारलं.

"फिक्का चहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं आणि आम्ही निघालो.

औंढ्यापुढच्या चढावर मला घाम यायचा थांबला. अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखी. मला वाटलं, बरंच झालं, ऊन कमी झालं. मग रस्ता डावीकडं सरकायला लागला. रेखा सांगते की मी तिला दोनदा विचारलं, आज परीक्षा कितव्या खोलीत आहे. मला आठवतं ते एवढंच की शिट्टी वाजली, आणि कुणीतरी मला पडायच्या आत मागून धरलं.

रस्त्यालगतच्या शेतात एक आखाडा, म्हणजे शेतावरचं राहतं खोपट होतं, पत्र्याचं छप्पर, बाजूला कडुलिंबाचं झाड. तिथं राहणाऱ्या बाईनं बाज काढून दिली आणि रांजण मोकळा केला. सिस्टरांनी मला झाडाखाली आडवं केलं, पंचे ओले करून मानेला, काखेत, जांघेत लावले. रेखाला वारा घालायला लावलं, मनीषाला पाणी आणायला. तापमापी बघितली आणि कुणालाच आकडा सांगितला नाही.

"अर्ध्या तासात उतरला न्हाई तर दवाखान्याची गाडी बोलवायची," त्या म्हणाल्या. "मंग मोहीम गेली चुलीत."

मी काही म्हणणार होते, पण जीभ टाळूला चिकटलेली. त्या चमच्या-चमच्यानं पाणी घालत राहिल्या. रेखा वारा घालता घालता रडत होती. तिला माझी काळजी होतीच, पण मी तिला ओळखते. परत जाऊन, मुलगी बघायला आलेल्यांसमोर चहा घेऊन जायचं चित्रही तिच्या डोळ्यांपुढं असणार. अर्ध्या तासात सिस्टरांनी तीनदा तापमापी लावली. तिसऱ्या वेळी ती झटकून डब्यात ठेवली आणि खाली बसल्या. थोड्या वेळानं आखाड्यामागं गोणपाटाचा आडोसा होता तिथं मला धरून नेलं.

"रंग?"

"काकवी," मी म्हटलं.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं. वहीतली औंढ्याची ओळ त्या नुसत्या बघत राहिल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा. औंढ्याहून निघताना करायचा फोन मी केलाच नव्हता. सिस्टरांनी उचलला, आणि बाबांचा आवाज असा की दोन शेतं पलीकडं जावा.

"जयभीम सिस्टर. समदं बराबर हाय ना?"

मी डोळे मिटून घेतले. या बाईनं उभ्या नोकरीत एकही खोटी नोंद केली नव्हती. वरच्या साहेबानं सांगूनही केली नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"भाऊ, मला ऊन लागलं," सिस्टर म्हणाल्या. "चक्कर आली. पोरींनी सावलीत आणलं. लई जपून राहिल्यात."

रेखाचा वारा घालणारा हात थांबला.

"अरारा. तुमच्या घरी कुणाला कळवू?"

सिस्टरांनी आमच्याकडं पाठ केली.

"घरी कुलूप हाय, भाऊ."

मग बाबा म्हणाले, "मंग आमीच येऊन राहिलो," आणि फोन ठेवला.

सिस्टर फोन हातात धरून उभ्या. चेहरा पार उतरलेला. मला म्हणाल्या, "खोटं बोलल्यावर म्होरं काय करायचं असतं?"

"निजायचं," मी म्हटलं.

बाबा आणि माझी माय मोटारसायकलवरून पोचले तोवर मी उठून बसण्याइतकी झाले होते. बाजेवर सिस्टर होत्या, कपाळावर माझाच ओला पंचा. मी शेजारी बसून त्यांना वारा घालत होते आणि त्या मधून मधून डोळे न उघडता मला हळूच सांगत होत्या, पाणी पी.

मायनं किटलीतून कैरीचं पन्हं आणलं होतं. बाबा उभ्यानंच रेखाच्या घरी फोन लावून सांगत होते, "पोरींनी सिस्टरला वाचवलं बघा. मंग यांना आणखी कोण सोबत पायजे? जाऊ द्या की म्होरं." मला ते ऐकवेना. पुढं होऊन खरं सांगावं म्हणून मी उठले, तर सिस्टरांनी बाजेवरूनच माझं मनगट घट्ट धरलं. हिंगोलीची बैठक फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली. उन्हं कलली की आम्ही हिंगोलीला निघायचं, आणि सिस्टरांना झेपलं नाही तर बाबा त्यांना गाडीवर पोचवणार.

मायनं पदर खोचला, कांदा फोडला आणि सिस्टरांच्या तळपायाला चोळायला बसली. मी घाबरले. ऊन लागल्यावर कांदा चोळणाऱ्या घरांत सिस्टर जन्मभर भांडल्यात. कुणाकुणाच्या हातातला कांदा त्यांनी उकिरड्यावर फेकलाय. आज त्यांनी पाय तसाच मायच्या हातात राहू दिला.

"काहून येवढं जिवावर घेता, बाई?" माय चोळता चोळता बोलत होती. "सांगायचं तरी. आमी मेलो होतो का?"

सिस्टरांचे डोळे मिटलेले होते. हनुवटी जराशी हलली.

उन्हं कलली. रेखा-मनीषानं सायकली रस्त्याला लावल्या. रस्त्यावर लिंबाची सावली लांबवर गेली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, सिस्टर, निघायचं ना?

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "दुसरा पाय राहिलाय."