पाटवडीचं उघडं पोट

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक मांजर समोर आणा. रंग बेसनासारखा, शेपूट झुबकेदार, मिशा ताठ. आली? आता तिला जरा उताणी होऊ द्या. अरेच्चा, पोटावर केसच नाहीत! सोललेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत पोट. नागपूरच्या गार्गीची पाटवडी ऐन मे महिन्यात अशी झाली होती. दिवसभर ती पोट चाटायची, दातांनी केस उपटायची, आणि कूलरच्या वाऱ्यावर ते केस घरभर तरंगायचे.

"पिसवा झाल्या तिले," आबाजी म्हणाले. गार्गीचे हे आजोबा, कृष्णकांतराव, खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले होते. कोणताही बिघाड आपल्या हातून सुधारतोच, अशी त्यांची खात्री. त्यांनी कडुलिंबाचा पाला उकळला, पाणी निवू दिलं आणि पाटवडीला बादलीत बसवलं. पाटवडी बसली नाही. ती आबाजींच्या टकलावर चढली आणि तिथून कपाटावर गेली.

"कातडी कोरडी पडली असन जी, बाबा. खोबरेल लावून पाहू," गार्गीची आई नीला म्हणाली. खोबरेल पाटवडीला फारच आवडलं. आता ती दुप्पट चाटू लागली आणि आबाजींच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर तेलकट पावलं उमटली. मग आबाजींनी आपली माकडटोपी कापून तिला अंगरखा शिवला. माणसं पंख्याखाली बनियनवर बसली होती, अन् मांजर लोकर घालून! पाटवडीने तो अंगरखा उतरवला आणि आबाजींच्या चपलेत नेऊन टाकला.

त्यातच कळमन्याचे धान्य व्यापारी गणपतराव आमरस खायला आले. ते आबाजींचे जुने मित्र. वाटी तोंडाशी नेता नेता थबकले.

"कृष्णकांत, रसात केशर टाकलं का गा?"

"केशर नाही, पाटवडी आहे," गार्गी म्हणाली.

गणपतरावांनी वाटी दूर सारली. "मले दे ही मांजर. गोदामात उंदीर माजून राहिले. रविवारी टोपली घेऊन येतो."

आबाजींनी टकलावरच्या ओरखड्यांवरून हात फिरवला. "ने."

गार्गीचा आमरस तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ती आईच्या मागे लागून पाटवडीला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आबाजीही गेले, त्यांना पिसवांबद्दल डॉक्टरांचं मत हवं होतं.

डॉक्टर कामिनींनी पाटवडीला उलटसुलट करून तपासलं. "पिसवा नाहीत. कातडीही ठीक आहे. काही मांजरं बेचैन झाली की अशी चाटत सुटतात. आपण नखं खातो ना, तसं. घरात काही बदल झाला का?"

"काहीच नाही!" आबाजी ठामपणे म्हणाले. "सगळं दरवर्षीसारखंच."

घरी आल्यावर गार्गी जमिनीवर पालथी पडून पाटवडीकडे पाहत राहिली. पाटवडी खिडकीत बसवलेल्या कूलरपाशी गेली. मान उंच करून तिने कूलरच्या बाजूची प्लायवूडची पट्टी नाकाने ढकलली. पट्टी हलली नाही. पाटवडी खाली बसली आणि पोट चाटू लागली.

"आबाजी! कूलरने तिची खिडकी खाल्ली!"

"काहीतरीच! होळी झाली का कूलर लागतेच, वं."

"आपल्यासाठी लागते. पण ती तर दिवाळीत आली. हिवाळाभर ती इथंच बसून खारी पाहत होती. तिले काय माहीत, उन्हाळा काय असते ते?"

खोलीला खिडक्या दोनच. दुसरीपाशी त्यांची स्वतःची खुर्ची. तिथे बसून ते गल्लीतल्या प्रत्येकाला हाक मारायचे. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा त्या उघड्या पोटाकडे पाहिलं आणि पान्हा आणायला उठले. संध्याकाळपर्यंत कूलर आबाजींच्या खिडकीत गेला होता आणि पाटवडी तिच्या खिडकीत. खुर्ची कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रविवारी गणपतराव टोपली घेऊन हजर. पाटवडी खिडकीत शांत बसली होती. तिचं सगळं लक्ष बाहेरच्या खारीवर होतं.

"चाटून नाही राहिली?"

"आता कायले चाटन? पोटावर लव येऊन राहिली पाहा," कोपऱ्यातून आबाजी म्हणाले. "नाही देत मी तिले. तू आपला आमरस खा."

गणपतरावांनी वाटी उचलली आणि पुन्हा थबकले. रसावर एक केस तरंगत होता. पांढराशुभ्र.

"कृष्णकांत, हा कोणाचा गा?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. आबाजी भिंतीकडे बघत मिशीचा केस न् केस ओढत होते. डावी मिशी पार विरळ झाली होती.

"बाबा, मिशी काहून उपटून राहिले जी?" नीलाने विचारलं.

"मी? कुठं? उगीच आपलं..."

"टोपली तर आणलीच आहे," गणपतराव म्हणाले. "चाल, तुलेच नेतो कळमन्याले!"

सगळे हसले. गार्गी मात्र हसली नाही. ती उठली, आबाजींना हाताला धरून उभं केलं आणि त्यांची जड खुर्ची कर्रर्र करत पाटवडीच्या खिडकीपाशी ओढत नेली. मग पाटवडीच्या कानाशी वाकून म्हणाली, "सरक वं थोडी. आबाजींले पण बसू दे."