फिलोमिनाबाईंची दुसरी तपासणी

फिलोमिनाबाई प्रत्येक पेपर दोनदा तपासायच्या. मार्क वेगळ्या कागदावर लिहून गठ्ठा कपाटात टाकायचा आणि आठ दिवसांनी, पहिले मार्क न बघता, पुन्हा तपासायचा. दोन्ही वेळचे मार्क जुळले नाहीत की स्वतःलाच झापायच्या, "आता खोटं कोन बोलतंय, मी की मी?"

नव्वदीच्या दशकात वसईच्या आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी नवी ट्यूटर होते. तुळिंजहून यायचं, डबा खायचा आणि एका दुपारी साठ पेपर उडवायचे! केवढा तो माझा तोरा. बाईंना तर मी मनातल्या मनात खुळ्यात काढलं होतं.

वार्षिक परीक्षेच्या निकालाआधी त्यांनी नाव-मार्कांवर पट्टी चिकटवलेला एक पेपर माझ्यापुढे ठेवला. "तपास गो जरा."

तपासला. पोरगी पासच्या रेषेच्या नऊ मार्कांनी वर निघाली. "छान लिहिलंय हो," मी म्हटलं.

बाईंनी पट्टी काढली. संगीता! आठवड्यापूर्वी मीच तिला दोन मार्कांनी नापास केलं होतं.

"तेव्हा कधी तपासलास?"

"जेवल्यावर," मी पुटपुटले. त्या दिवशी सुकट जरा जास्तच झाली होती, डोळे मिटत होते.

"मग ते मार्क पोरीचे की तुझ्या पोटाचे?"

"बाई, अक्षर किती घाणेरडं आहे तिचं!"

"पेशंट अक्षर बघनार, की इंजेक्शन कसं देते ते बघनार?"

अशी काही जिरली माझी! निमूटपणे साठच्या साठ पेपर पुन्हा तपासले. चार दिवस गेले. संगीता पास झाली.

गठ्ठा ठेवायला मी बाईंचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एकच पिवळा पडलेला पेपर होता. सोबतच्या कागदावर बाईंच्या अक्षरात त्याच पेपरचे सतरा वर्षांचे मार्क. पहिल्या ओळीत नापास, बाकी सगळीकडे पास.

"राजोडीची पोर," मागून बाई म्हणाल्या. "त्या दिवशी माझं डोकं ठनकत होतं. दुसऱ्यांदा तपासायची सवय तेव्हा कुठे होती? बापानं पुन्हा परीक्षेला बसू दिलं नाही, लग्न लावून टाकलं."

मी तो पेपर उचलला. "अहो, मग दर वर्षी कशाला तपासता?"

बाईंनी पेपर माझ्या हातातून घेतला, लाल पेनचं टोपण काढलं.

"पुन्हा एकदा तरी नापास होऊ दे गो ती."