क्रांतीची मोटार म्हसवडला येते

निवृत्त सुभेदार ज्ञानूआण्णांनी चोवीस वर्षं फौजेत ट्रक हाकले होते. त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवलेलं खपत नसे, आणि पोटच्या पोरीनं तर मुळीच नाही!

पोरीचं नाव क्रांती. आजोबांची गंजलेली मोटार तिनं मलकापूरच्या गॅरेजात आठ महिने खपून नवी केली होती. रंग अजून ताजा. म्हसवडपर्यंत धूळ-खडी लागू नये म्हणून पिकअपला जोडायला चारी बाजूंनी बंद ट्रेलर आणला.

"एक ओरखडा येणार न्हाई. शब्द हाय माझा," आण्णा म्हणाले.

क्रांतीचं म्हणणं, इंजिनाचं वजन पिकअपकडं ठेवा. आण्णांना ते पटेना. घरी त्यांची आई चंद्राबाई ओवाळायला उभी राहणार आणि ट्रेलरचं दार तर मागं. मग मोटार काय पाठ करून उतरणार? नव्या सुनेला कुणी पाठमोरी घरात घेतं का? त्यांनी मोटार उलटी आत घातली, मोटारीचं दार उघडायला जागा नाही म्हणून पोटासकट खिडकीतून बाहेर आले, चारी चाकं पट्ट्यांनी आवळली आणि क्रांतीला शेजारी बसवून निघाले.

पुसेसावळीच्या पुढं उताराला ट्रेलर डुलू लागला. आधी जरासा, मग वरातीतल्या पाहुण्यासारखा. वारा आहे, असं आण्णांनी सांगितलं. कडेच्या उसाचं पानही हलत नव्हतं. मग पिकअपचंच बूड हलायला लागलं. ब्रेक न दाबता आण्णांनी पाय ढिला सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं. वेग उतरला, तशी गाडी कडेला घेतली.

"वजन मागं पडलंय," उतरून ट्रेलरकडं बघत ते म्हणाले. "तू म्हणत व्हतीस तसंच करू."

सीमेवर ट्रक नेलेल्या माणसाला एवढं वाक्य लय जड गेलं. मोटार काढून, तोंड फिरवून पुन्हा आत घातली, पट्टे आवळले. त्यानंतर ट्रेलर थेट म्हसवडपर्यंत मुकाट मागून आला.

दारात अख्खी गल्ली जमली होती. मोटार पाठमोरी उतरली. आण्णांनी अंगणात तिला एक वळसा दिला आणि तोंड दाराकडं करून उभी केली. एवढं सोपं मलकापुरातच का सुचलं नाही, हे क्रांतीनं विचारलं ते त्यांना ऐकू गेलं नाही. चष्मा लावून त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं. एकही ओरखडा नाही! टाळ्या पडल्या, क्रांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आण्णांना तर आभाळ ठेंगणं झालं.

त्याच भरात त्यांनी नारळ उचलला आणि मोटारीपुढच्या दगडावर फौजी ताकदीनं आपटला. करवंटीचा तुकडा उडाला आणि बॉनेटवर टण्णकन वाजला.

चंद्राबाई कुंकवाचं बोट घेऊन पुढं आल्या. आण्णांनी घाईघाईनं आईचा हात धरून वीतभर सरकवला.

"आये, तितं नगं, हितं लाव," ते हळूच म्हणाले. "आन् जरा मोठा लाव."