पाठ तलावाकडे

तलावावर येऊन माणसं मोजायची तर बुटाला चिखल लागतो, म्हणून साहेब खुर्चीत बसून फोटो मागतात! चामोर्शीजवळच्या एका मच्छीमार सोसायटीला असाच हुकूम आला. झिंगू ठेकेदाराने तक्रार केली होती की, सभासद नुसते कागदावर आहेत, तलाव मला द्या. साहेबांनी फर्मावलं, सारे सभासद एका फोटोत हवेत, मागे तलाव हवा, फोटो डिजिटल हवा, सीडीसकट. सोमवारपर्यंत आला नाही तर तलाव झिंगूचा.

सोसायटीच्या अध्यक्ष रंभाबाईंनी धनराज फोटोवाल्याला धरून आणलं. धनराजकडे डिजिटल कॅमेरा होता, म्हणजे नुसतं धड होतं. नागपूरच्या साळ्याने धड पाठवलं आणि भिंग भलत्यालाच विकलं. मग धनराजने आपल्या जुन्या रीळवाल्या कॅमेऱ्याचं भिंग त्यावर पिळून बसवलं. नव्या सुनेच्या अंगावर सासूचं लुगडं चढावं तसं ते चढलं.

रविवारी सारे सभासद तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहिले.

"पाठ तलावाकडे! तोंड माह्याकडे!" धनराज ओरडला आणि खटका दाबला. कॅमेरा ढिम्म.

"काऊन भाऊ, काय म्हन्ते?"

"भिंगच नाई म्हन्ते."

"मंग हे समोर काय लावलं, गिलास?" म्हातारा मुखरू म्हणाला.

धनराजने चकती फिरवून कॅमेऱ्याची अक्कल बंद केली आणि उजेडाचा अंदाज स्वतःच घेतला. खटका वाजला, पण कडेची माणसं कापली गेली. ज्या भिंगात पूर्वी अख्खं वऱ्हाड मावायचं, त्यात या नव्या धडावर नवरा-नवरीच उरत. तो मागे सरकला. अजून मागे. शेवटी धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात गुडघाभर रुतला.

"अजून मांगं गेला त आलापल्ली येईन!" मुखरू म्हणाला.

खरी गोची पुढेच होती. जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावला की मधल्या गोलात माणूस दोन तुकड्यांत दिसायचा. भिंग फिरवून तुकडे जुळवायचे, की फोटो साफ. नव्यात तो गोलच नव्हता. धनराजने देवाचं नाव घेऊन भिंग फिरवलं आणि दाबलं. मागच्या इवल्याशा पडद्यावर सगळे वाकले.

"हा पाहा मी!"

"बुढ्या, थे सुगंधाबाई होय."

सोमवारी सकाळी चंद्रपूरच्या लॅबमधून मोठा फोटो निघाला आणि धनराजचं तोंड उतरलं. सभासदांची तोंडं भिजल्या पोह्यांसारखी फुगलेली. एकही ओळखू येईना.

"आमच्या चुली या तलावावर पेटतात, धनराजभाऊ," रंभाबाई म्हणाल्या. "तुमी त आमाले पुसूनच टाकलं."

त्यांनी फोटो हातात घेऊन निरखला. पुढचं सगळं धूसर, पण मागचं लख्ख. पलीकडच्या काठाला डोंग्यात उभा राहून एक जण जाळं ओढत होता. मिशीसकट झिंगू! साहेबांच्या हुकुमाने अख्खी सोसायटी तलावाकडे पाठ करून उभी होती. चोराला अशी संधी पुन्हा कधी मिळणार?

"याच्या दोन कापी काढा," रंभाबाई म्हणाल्या.

रंभाबाई धनराजला आणि सभासदांना घेऊन साहेबांच्या ऑफिसात पोचल्या, तर झिंगू आधीच खुर्चीत बसून चहा पीत होता.

"यात सभासद ओळखू येत नाहीत," साहेब गुरगुरले.

"नाई येत जी. पन तक्रारवाला येते ना?"

झिंगूने कप खाली ठेवला आणि तोंड न पुसताच बाहेरचा रस्ता धरला. साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग एकदम घाई केली. सही झाली, शिक्का बसला, तलाव सोसायटीकडेच राहिला. साऱ्यांचा जीव भांड्यात पडला. मुखरू तर दारातच फतकल मारून बसला. धनराजला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

फक्त साहेबांचा अंगठा फोटोच्या उजव्या कोपऱ्यावर बसला होता, तो काही उठेना.

रंभाबाईंनी सहीचा कागद पदरात बांधला, गाठ नीट आवळली आणि पिशवीतून दुसरी कापी काढून टेबलावर ठेवली.

"त्या कोपऱ्यात काठावर सरकारी जीप उभी हाय, सायेब. झिंगूनं तिच्यात मासोळीची टोपली भरून ठेवली हाय, थे कोनासाठी? सांगा. आमी बसलो इथी."