वानखडे मामांची किटली

‘साखर किती?’ असं वानखडे मामांनी आयुष्यात कुणाला विचारलं नाही. वाशीमच्या मोठ्या साहेबांच्या सरकारी बंगल्यावर ते चौतीस वर्षं खानसामा होते. नवा साहेब गाडीतून उतरला की मामा त्याला एकदा न्याहाळत आणि सरळ स्वयंपाकघरात शिरत. पहिलाच कप साहेबाला हवा तसा. बंगल्यातल्या कार्यालयात मी कारकून. एकदा मी गुपित विचारलं, तर माझ्यावरच उखडले.

“इचाराचं कायले? इचारून त हाटेलवाला बी देते.”

अकरा वर्षांपूर्वी बदलून गेलेले एक साहेब शेजारच्या मालेगावला लग्नाला जाताना बंगल्यावर डोकावले. मामांनी मुकाट्यानं बिनदुधाचा, लिंबू पिळलेला चहा पुढे केला. तोच त्यांचा चहा. साहेबांना मात्र मामांचं नाव आठवेना. मला भयंकर राग आला, पण मामा रिकामा कप बघूनच खूश. एवढी माया आणि एवढी आठवण एका माणसात कशी मावते, मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या जागी नव्यानं आलेल्या मॅडमनी मामांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मामा व्हरांड्यात माझ्याशेजारी कावरेबावरे होऊन उभे. थोड्या वेळानं मॅडम दारात आल्या.

“मामा, साखर किती घालू?”

मामा माझ्याकडे बघायला लागले. हा गडी कधी अडला नव्हता, तो अडला.

“मले नाई मालूम, मॅडम. साहेबाचा झाला का किटलीत उरे, तोच पेत राह्यलो. साहेब बदलला का माहा चहा बदले.”

“आणि घरी?”

“बायको गेल्यापासून एकलाच हाय. एकल्यासाठी कायले मांडाचा?”

मॅडमनी आत जाऊन तीन कप आणले. एकात एक चमचा साखर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. मामांनी उभ्याउभ्याच पहिला चाखला, मान हलवली. दुसराही ठेवून दिला. तिसऱ्याचा घोट घेतला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते बंगल्यातल्या खुर्चीवर बसले.

माझे डोळे भरून आले, लपवत नाही. मामांनी तो पाकासारखा गोड चहा बशीत ओतला, सावकाश संपवला आणि कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, “हा माहा हाय.”